कॅन्सरशी लढणाऱ्या पेशी लॅबमध्ये कशा वाढवतात?

ऑपरेशनमध्ये काढलेल्या कॅन्सरच्या गाठीचा पातळ काप मायक्रोस्कोपखाली ठेवला, की त्यात नुसत्या कॅन्सरच्या पेशी दिसत नाहीत. त्यांच्या अधूनमधून, कुठे कडेला दाटीने तर कुठे थेट आत घुसलेल्या, लहान, गोल, गडद केंद्रकाच्या पेशी दिसतात. या लिम्फोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार. त्यातल्या बऱ्याचशा टी पेशी असतात, आणि त्यातल्या काहींनी हा कॅन्सर ओळखलेला असतो. म्हणजे शरीराला शत्रूचा पत्ता लागलेला असतो, लढाईही सुरू झालेली असते, आणि तरीही गाठ वाढतच असते.

असं होण्याची कारणं अनेक आहेत, पण तीन मोठी. कॅन्सर ओळखणाऱ्या टी पेशी संख्येने फार कमी पडतात. गाठीच्या आत त्यांना दाबून ठेवणारे रासायनिक संदेश सतत मिळत राहतात. आणि महिनोन्महिने त्याच शत्रूसमोर उभं राहून त्या थकतात. जिवंत असतात, पण मारण्याची ताकद गमावून बसतात. यातूनच एक विचार पुढे आला: या पेशी रुग्णाच्या शरीरातून बाहेर काढल्या, गाठीच्या दडपणापासून दूर लॅबमध्ये पोसल्या, काही लाखांच्या काही अब्ज केल्या आणि त्याच रुग्णाला परत दिल्या तर?

आज ही उपचारपद्धती प्रत्यक्षात वापरात आहे आणि तिने हजारो रुग्णांना आयुष्य परत दिलं आहे. पण ती बहुतेक वेळा 'पेशी वाढवून परत देतात' एवढ्या एका वाक्यात सांगितली जाते. ऐकणाऱ्याची समजूत होते की जितक्या जास्त पेशी, तितका चांगला गुण. गेल्या चाळीस वर्षांचा अनुभव तसा नाही. कोणत्या पेशी निवडल्या, लॅबमध्ये त्या किती दिवस ठेवल्या आणि शरीरात परत गेल्यावर त्या टिकल्या का, या गोष्टी संख्येपेक्षा मोठ्या ठरल्या आहेत. रुग्णाच्या नातेवाइकांनी हे समजून घेणं मला फार गरजेचं वाटतं, कारण त्यांच्यासमोर ठेवलेला उपचार खरा आहे की नुसतं आश्वासन, हे यावरूनच कळतं.

टी पेशीला कॅन्सर दिसतो कसा

आपल्या शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी स्वतःच्या आत बनलेल्या प्रथिनांचे छोटे तुकडे पृष्ठभागावर मांडून ठेवते. हे तुकडे ज्या रेणूंवर बसवलेले असतात त्यांना एचएलए म्हणतात. अवयव प्रत्यारोपणाच्या वेळी जुळवून पाहतात तेच हे एचएलए. टी पेशी शरीरभर फिरताना हे तुकडे स्पर्शाने तपासत जाते. प्रत्येक टी पेशीवर एकाच ठरावीक आकाराचे ग्राहक रेणू, म्हणजे तुकडा पकडून ओळखणारे रेणू, असतात. शेजारच्या टी पेशीचे वेगळे, तिच्या शेजारचीचे आणखी वेगळे. आपल्या ग्राहकात नेमका बसणारा परका तुकडा सापडला, तर टी पेशी त्या पेशीला चिकटते, तिच्या आवरणाला छिद्रं पाडणारं आणि आत जाऊन तिला मरायला लावणारं रसायन सोडते, आणि पुढच्या पेशीकडे वळते. एकच टी पेशी अशा अनेक पेशी मारू शकते.

अडचण अशी, की कॅन्सरची पेशी मुळात आपलीच असते. तिने मांडलेले बहुतेक तुकडे आपल्या ओळखीचे, आणि आपल्याच तुकड्यांवर चालून जाणाऱ्या टी पेशी छातीतल्या थायमस ग्रंथीत आधीच बाद केल्या जातात. उरतात ते जनुकांमध्ये बिघाड होऊन बदललेले थोडे तुकडे. ज्या कॅन्सरमध्ये असे बिघाड जास्त, तो टी पेशींना जास्त दिसतो. उन्हातल्या अतिनील किरणांमुळे होणाऱ्या त्वचेच्या मेलानोमामध्ये ते भरपूर असतात, म्हणूनच या उपचाराचं पहिलं मोठं यश मेलानोमात मिळालं.

बाहेर जिवंत ठेवण्याची विद्या

फार काळ मोठी अडचण अगदी प्राथमिक होती. टी पेशी शरीराबाहेर थोड्याच दिवसांत मरून जायच्या. १९७६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेतल्या संशोधकांना ही वाट सापडली, तीही दुसरंच काही शोधताना. त्यांना रक्ताच्या कॅन्सरच्या पेशी भांड्यात वाढवायच्या होत्या. त्यासाठी अस्थिमज्जेच्या पेशींना त्यांनी उत्तेजित लिम्फोसाइटच्या भांड्यातलं द्रव घातलं, आणि वाढल्या त्या टी पेशी. त्या द्रवातल्या कारक घटकाला पुढे इंटरल्यूकिन-२ हे नाव मिळालं. १९८३ मध्ये जपानमध्ये तादात्सुगु तानिगुची यांच्या गटाने त्याचं जनुक वेगळं केलं आणि तो घटक जिवाणूंकरवी हवा तेवढा बनवता येऊ लागला.

अमेरिकेच्या त्याच राष्ट्रीय कर्करोग संस्थेत स्टीव्हन रोझेनबर्ग नावाचे सर्जन होते. १९६८ मध्ये, शिकाऊ असताना, त्यांनी पित्ताशयाच्या तक्रारीसाठी आलेल्या एका माणसावर शस्त्रक्रिया केली होती. त्या माणसाला १२ वर्षांपूर्वी जठराचा कॅन्सर झाला होता, तो यकृतापर्यंत पसरला होता आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. प्रत्यक्षात पोट उघडल्यावर रोझेनबर्ग यांना कॅन्सरचा मागमूसही सापडला नाही. शरीर स्वतःच्या बळावर हे करू शकतं, एवढं त्यांच्या मनात पक्कं बसलं. इंटरल्यूकिन-२ हाती आल्यावर त्यांनी रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यात भिजवून, उत्तेजित करून परत द्यायला सुरुवात केली. १९८५ मध्ये त्यांनी २५ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. काहींच्या गाठी खरोखर लहान झाल्या होत्या.

पुढचं पाऊल मला अधिक महत्त्वाचं वाटतं. रक्तातल्या सरसकट पेशी घेण्याऐवजी त्यांनी गाठीच्या आत शिरलेल्या लिम्फोसाइट घ्यायचं ठरवलं. इंग्रजी आद्याक्षरांवरून या पेशींना 'टिल' म्हणतात. युक्तिवाद सरळ होता: ज्या पेशी गाठीत पोचल्या आहेत, त्यांच्यात शत्रूला ओळखणाऱ्या पेशींचं प्रमाण जास्त असणार. १९८८ मध्ये मेलानोमाच्या २० रुग्णांना अशा पेशी दिल्या गेल्या आणि ११ जणांच्या गाठी आक्रसल्या. पण बहुतेकांमध्ये हा फायदा फार टिकला नाही. अब्जावधी पेशी दिल्या तरी त्या शरीरात रुजत नव्हत्या, थोड्याच दिवसांत नाहीशा होत होत्या.

यावरचा उपाय पहिल्यांदा ऐकताना उलटा वाटतो. २००२ मध्ये याच गटाने पेशी देण्यापूर्वी रुग्णाला काही दिवस केमोथेरपी देऊन त्याच्या शरीरात असलेल्या लिम्फोसाइट जवळजवळ संपवल्या. पेरणीआधी तण काढून रान मोकळं करावं लागतं, तसंच हे. आधीच्या पेशी नसल्या की वाढीला लागणारे रासायनिक घटक नव्या पेशींच्या वाट्याला येतात, आणि टी पेशींना आवर घालणाऱ्या नियंत्रक पेशीही बाजूला होतात. त्या चाचणीत १३ पैकी ६ रुग्णांच्या गाठी मोठ्या प्रमाणात आक्रसल्या, आणि मुख्य म्हणजे दिलेल्या पेशी काही महिन्यांनंतरही रक्तात सापडल्या. आज टिल असो वा कार-टी (रक्तातल्या टी पेशींना लॅबमध्ये कृत्रिम ग्राहक बसवून परत देण्याचा उपचार), पेशी देण्याआधी बहुतेक ठिकाणी केमोचा हा लहान कोर्स असतो. "प्रतिकारशक्ती वाढवायची म्हणता आणि आधी ती मारून का टाकता?" असं नातेवाईक विचारतात. त्याचं उत्तर हे.

लॅबमध्ये नेमकं काय घडतं

टिल उपचारात सुरुवात शस्त्रक्रियेने होते. शरीरातली एखादी सहज काढता येण्यासारखी गाठ काढून, थंड निर्जंतुक द्रावात ठेवून लॅबमध्ये पाठवतात. तिथे तिचे दोन-तीन मिलिमीटरचे तुकडे करतात आणि भरपूर इंटरल्यूकिन-२ असलेल्या पोषक द्रवात, शरीराच्या तापमानाला, इन्क्युबेटरमध्ये ठेवतात. पुढे काय होतं ते मायक्रोस्कोपखाली दिसतं. पहिले काही दिवस तुकडा नुसता पडून असतो. मग त्याच्या कडेने एकेक चमकदार गोल पेशी बाहेर पडू लागते. दिवसांमागून दिवस त्यांची गर्दी वाढते, त्यांचे पुंजके तळाशी जमतात, आणि कॅन्सरच्या पेशी हळूहळू कमी होत जातात. पोषक द्रवात रंगद्रव्य घातलेलं असेल तर लालसर द्रव पिवळट होऊ लागतो. पेशी भरपूर खात आहेत आणि आम्ल सोडत आहेत, याची ती खूण. मग द्रव बदलायचा, मोठं भांडं घ्यायचं.

यानंतर वेगाने वाढवण्याचा टप्पा येतो. टी पेशींना 'शत्रू भेटला' असं भासवणारं एक प्रतिद्रव्य (अँटीबॉडी) घालतात आणि सोबतीला इतर निरोगी व्यक्तींच्या रक्तपेशी ठेवतात. या पोषक पेशींवर किरणोत्सर्ग करून त्यांची वाढण्याची क्षमता आधीच काढून घेतलेली असते. त्या फक्त टी पेशींना वाढीचे संकेत पुरवतात आणि मरून जातात. दोन आठवड्यांत हजारपट वाढ मिळते. हजारपट म्हणजे फक्त दहा वेळा दुप्पट. ५ कोटी पेशींपासून निघालात तर दहा दुपटींनंतर ५ हजार कोटी, म्हणजे ५० अब्ज पेशी हातात असतात.

कार-टी उपचारात गाठ लागत नाही, रक्त पुरतं. रुग्णाच्या एका नसेतून रक्त यंत्रात जातं, यंत्र पांढऱ्या पेशी वेगळ्या करून घेतं आणि उरलेलं रक्त दुसऱ्या नसेतून परत देतं. याला काही तास लागतात. लॅबमध्ये टी पेशींना सूक्ष्म मण्यांच्या साहाय्याने जागं करतात, त्यांच्यात नवं जनुक घालतात आणि साधारण एक ते दोन आठवडे वाढवतात.

शेवटी तपासण्या होतात: जिवाणू किंवा बुरशी शिरली आहे का, किती टक्के पेशी जिवंत आहेत, त्या हव्या त्याच पेशी आहेत का. सगळं पार पडलं की पेशी पिशवीत भरून द्रव नायट्रोजनच्या थंडीत गोठवतात. पिशवीवर रुग्णाची ओळख असते आणि ती प्रत्येक टप्प्यावर पडताळली जाते, कारण हे औषध जगात एकाच माणसासाठी बनलेलं असतं. दिवस ठरला की रुग्णाजवळच पिशवी वितळवतात आणि सलाइनसारखी नसेतून देतात. ते काही मिनिटांतही उरकतं. गोठवताना वापरलेल्या रसायनामुळे त्या दिवशी रुग्णाच्या श्वासाला लसणासारखा वास येतो. जवळच्यांना याची आधी कल्पना दिलेली बरी, नाहीतर उगाच घाबरायला होतं.

या सगळ्यात जातात तीन ते पाच आठवडे, कधी जास्तही. तेवढ्यात आजार वाढू नये म्हणून मधल्या काळात दुसरे उपचार द्यावे लागतात. काही रुग्णांची तब्येत इतकी खालावते की पेशी तयार असूनही देता येत नाहीत. काहींच्या पेशी आधीच्या अनेक केमोंमुळे इतक्या दमलेल्या असतात की लॅबमध्ये त्या धड वाढतच नाहीत. या उपचाराचा विचार शेवटचा पर्याय म्हणून न करता वेळेत करावा, असं तज्ज्ञ म्हणू लागलेत ते यामुळेच.

जास्त पेशी की तरुण पेशी?

टी पेशीलाही वय असतं. कधीच शत्रू न भेटलेली पेशी, शत्रूची आठवण ठेवून दीर्घकाळ जगणारी स्मृतिपेशी, मारायला सज्ज असलेली पेशी आणि शेवटी थकून गेलेली पेशी, अशा तिच्या अवस्था असतात. प्रत्येक दुपटीबरोबर ती या वाटेवर पुढे सरकते. लॅबमध्ये पेशी जास्त दिवस वाढवल्या तर आकडा मोठा दिसतो, पण पिशवीत भरतात त्या उतारवयाला लागलेल्या पेशी. भांड्यात त्या कॅन्सरला झटपट मारतात, शरीरात मात्र लवकर संपून जातात. तरुण पेशी भांड्यात तितक्या तिखट वाटत नाहीत. पण त्या शरीरात रुजतात, पुन्हा पुन्हा विभागतात आणि पिढ्या घडवतात.

रुग्णांमध्येही हेच दिसून आलं आहे. टिल मिळालेल्या मेलानोमाच्या रुग्णांमध्ये ज्यांच्या पिशवीत कमी थकलेल्या, मूळपेशींसारखे गुण राखून असलेल्या टी पेशी होत्या, त्यांना चांगला गुण आला. उंदरांवरच्या प्रयोगात ९ दिवस वाढवलेल्या कार-टी पेशींपेक्षा फक्त ३ दिवस वाढवलेल्या पेशींनी ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) अधिक चांगला आटोक्यात आणला, तोही कमी संख्येत. म्हणून आता अनेक ठिकाणी लॅबमधला मुक्काम कमी करण्याची धडपड चालली आहे. वाढायचं ते पेशींनी रुग्णाच्या शरीरात जाऊन वाढावं, असा विचार.

याचं सर्वांत थक्क करणारं उदाहरण २०१८ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलं. दीर्घकालीन ल्युकेमियाच्या एका वयस्क रुग्णाला कार-टी पेशी दिल्या होत्या. सुरुवातीला फारसा फरक पडेना. काही आठवड्यांनी अचानक त्या पेशी झपाट्याने वाढल्या आणि कॅन्सर नाहीसा झाला. तपासल्यावर कळलं, की ऐन भरात त्याच्या रक्तातल्या कार-टी पेशींपैकी ९४ टक्के पेशी एकाच मूळ पेशीची संतती होत्या. नवं जनुक योगायोगाने अशा जागी जाऊन बसलं होतं, की टीईटी-२ नावाचं एक नियंत्रक जनुक बंद पडलं आणि त्या पेशीची वाढण्याची क्षमता टिकून राहिली. एवढा कॅन्सर हटवायला एका पेशीचा वंश पुरला.

नवा ग्राहक बसवणं

ज्या कॅन्सरमध्ये गाठीत शिरलेल्या पेशी मिळत नाहीत, किंवा ज्यांना गाठच नसते, त्यांचं काय? इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेतले झेलिग एशहर यांनी आपल्या सहकाऱ्यांसोबत १९८९ मध्ये दाखवून दिलं, की टी पेशीला बाहेरून कृत्रिम ग्राहक बसवता येतो. त्याचं बाहेरचं टोक प्रतिद्रव्यासारखं, लक्ष्याला थेट पकडणारं, आणि आतलं टोक टी पेशीला 'मार' असा हुकूम देणारं. हाच 'कार'. त्याचा मोठा फायदा असा, की त्याला एचएलएवर मांडलेला तुकडा लागत नाही, पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन तो थेट ओळखतो. पण मर्यादाही तीच: पेशीच्या आत दडलेलं काही त्याला दिसत नाही.

सुरुवातीच्या कार-टी पेशी मारायच्या, पण वाढायच्या नाहीत. नैसर्गिक टी पेशीला ओळख पटल्यावर आणखी एक, दुजोऱ्याचा संकेत लागतो. तो कृत्रिम ग्राहकात नव्हता. न्यूयॉर्कमध्ये मिशेल सादेलँ आणि मेम्फिसमध्ये दारिओ कँपाना यांच्या गटांनी २००० नंतरच्या दशकात असे संकेत त्यात जोडले, आणि मग पेशी टिकू लागल्या. लक्ष्य म्हणून सीडी-१९ हे प्रथिन निवडलं, त्यामागेही विचार होता. ते बी पेशींवर, म्हणजे प्रतिद्रव्यं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींवर, आणि त्यांच्यापासून झालेल्या कॅन्सरवर असतं, महत्त्वाच्या अवयवांवर नसतं. निरोगी बी पेशीही मारल्या जातात, पण बाहेरून इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिद्रव्यं, देऊन माणूस त्या पेशींशिवाय जगू शकतो.

२०१० मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कार्ल जून यांच्या गटाने पहिल्या प्रौढ रुग्णांना अशा पेशी दिल्या. त्यातल्या दोघांच्या शरीरात दहा वर्षांहून अधिक काळानंतरही त्या पेशी जिवंत आणि काम करत असलेल्या सापडल्या. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात ल्युकेमियाच्या सहा वर्षांच्या मुलीला त्या दिल्या गेल्या. काही दिवसांत तिला प्रचंड ताप आला, रक्तदाब कोसळला, ती व्हेंटिलेटरवर गेली. रक्त तपासलं तेव्हा इंटरल्यूकिन-६ हा घटक अफाट वाढलेला आढळला. त्याला रोखणारं टोसिलिझुमॅब हे औषध संधिवातासाठी वापरात होतं, आणि कार्ल जून यांना ते माहीत होतं कारण त्यांच्या स्वतःच्या मुलीला लहान मुलांचा संधिवात होता. औषध दिल्यावर काही तासांत मुलगी सावरू लागली. दहा वर्षांनंतरही ती कॅन्सरमुक्त होती. ती वाचली नसती तर कदाचित हे सगळं संशोधनच थांबलं असतं. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने या पहिल्या कार-टी उपचाराला मान्यता दिली.

धोके

तापाचं हे वादळ आजही येतं, फक्त आता ते ओळखता आणि आवरता येतं. दुसरा त्रास मेंदूशी संबंधित असतो: गोंधळ, शब्द न सुचणं, क्वचित झटके. म्हणून वॉर्डात नर्स रोज काही साधे प्रश्न विचारतात, १०० पासून दहा-दहा कमी करत मोजायला लावतात आणि कागदावर एक वाक्य लिहायला सांगतात. कालपर्यंत सरळ लिहिणाऱ्याचं अक्षर आज वेडंवाकडं झालं, तर त्रास सुरू झाल्याचं बऱ्याचदा तिथेच कळतं. बहुतेकांमध्ये हा त्रास उपचारांनी पूर्ण बरा होतो.

लक्ष्याची निवड चुकली तर मात्र किंमत जिवाची असते. अमेरिकेत एका रुग्णाला एचईआर-२ या प्रथिनावर नेम धरणाऱ्या अब्जावधी पेशी दिल्या होत्या. ते प्रथिन फुप्फुसाच्या निरोगी पेशींवरही अगदी कमी प्रमाणात होतं. पेशींना तेवढं पुरलं, आणि रुग्ण पाच दिवसांत दगावला. दुसऱ्या एका चाचणीत टी पेशींचा ग्राहक मुद्दाम अधिक तीक्ष्ण केला होता. त्याने कॅन्सरच्या तुकड्याशी साम्य असलेलं हृदयाच्या स्नायूतलं टायटिन ओळखलं आणि दोन रुग्ण गेले. आणखी एका रुग्णाच्या बाबतीत लॅबमध्ये जनुक घालताना टी पेशींसोबत कॅन्सरची एक पेशीही भांड्यात राहून गेली होती. कृत्रिम ग्राहक तिच्यावरच बसला, त्याने तिचं सीडी-१९ झाकून टाकलं आणि ती कार-टी पेशींना दिसेनाशी झाली. त्या एका पेशीपासून कॅन्सर परतला. प्रत्येक बॅचच्या तपासण्यांवर एवढा वेळ का घालवतात, याचं उत्तर या घटनेत आहे.

उपचारानंतर टी पेशींचाच कॅन्सर झाल्याची मोजकी प्रकरणंही समोर आल्यावर २०२४ मध्ये अमेरिकेच्या नियामकाने या औषधांवर तशी ठळक सूचना बंधनकारक केली. धोका दुर्मीळ आहे, पण रुग्णावर आयुष्यभर लक्ष ठेवावं लागतं.

गाठींच्या कॅन्सरचं काय?

स्तन, आतडी, स्वादुपिंड, फुप्फुस यांच्या कॅन्सरमध्ये कार-टीला अजून रक्ताच्या कॅन्सरसारखं यश नाही. तिथे सीडी-१९ सारखं सुरक्षित लक्ष्य मिळत नाही, एकाच गाठीतल्या पेशी एकमेकींहून वेगळ्या असतात, आणि आत शिरलेल्या टी पेशीला गाठ पुन्हा दमवते. गाठींच्या बाबतीत आजवर टिलनेच अधिक ठोस काही दाखवलं आहे. नेदरलँड्समध्ये जॉन हानेन यांच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीत पसरलेल्या मेलानोमाच्या १६८ रुग्णांची दोन गटांत विभागणी केली होती. टिल घेतलेल्यांपैकी ४९ टक्क्यांच्या गाठी लक्षणीय आक्रसल्या, इपिलिमुमॅब हे औषध घेतलेल्यांत हे प्रमाण २१ टक्के होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत पहिल्या टिल उपचाराला मान्यता मिळाली, तीही मेलानोमासाठीच. टिलसोबत मोठ्या डोसमध्ये इंटरल्यूकिन-२ द्यावं लागतं आणि ते हृदय, फुप्फुसं, मूत्रपिंडं यांची कसोटी पाहतं. त्यामुळे तो प्रत्येकाला झेपत नाही.

आता थोडं त्रासदायक, पण सांगायलाच हवं असं. २०१६ मध्ये चीनमध्ये २१ वर्षांच्या एका विद्यार्थ्याचा सायनोव्हियल सार्कोमा या दुर्मीळ कॅन्सरने मृत्यू झाला. इंटरनेटवर शोधताना सापडलेल्या जाहिरातीवर विश्वास ठेवून त्याच्या कुटुंबाने मोठी रक्कम मोजून 'रोगप्रतिकारक पेशीं'चा उपचार करून घेतला होता. त्याच्या रक्तातल्या पेशी सरसकट उत्तेजित करून, वाढवून परत दिल्या होत्या. त्यांना त्याच्या कॅन्सरवरचं नेमकं लक्ष्य नव्हतं आणि ही पद्धत उपयोगी पडते असं चाचण्यांनी दाखवलेलंही नव्हतं. देशभर संताप उसळला आणि सरकारने असे उपचार थांबवले. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेत याच सायनोव्हियल सार्कोमासाठी रुग्णाच्या स्वतःच्या टी पेशींपासून केलेल्या एका उपचाराला मान्यता मिळाली. त्यातल्या पेशींना एमएजीई-ए-४ या प्रथिनाचा तुकडा ओळखणारा ग्राहक बसवलेला असतो, आणि रुग्णाच्या गाठीत ते प्रथिन आहे का व त्याचा एचएलए जुळतो का, हे आधी तपासूनच तो दिला जातो.

पेशी वाढवून इंजेक्शनने देऊ, प्रतिकारशक्ती वाढेल, असं सांगणाऱ्या जागा आजही जगभर आहेत. असा प्रस्ताव समोर आला तर डॉक्टरांना न संकोचता विचारा: या पेशी कॅन्सरवरचं नेमकं काय ओळखणार आहेत? ते लक्ष्य माझ्या माणसाच्या गाठीत आहे, याची तपासणी झाली आहे का? हा उपचार या आजारासाठी औषध नियामकाने मान्य केला आहे, की ही नोंदणी झालेली चाचणी आहे? चाचणी असेल तर तिचा नोंदणी क्रमांक काय, आणि तिच्यासाठी आमच्याकडून पैसे का घेतले जात आहेत? ताप चढला, रक्तदाब पडला तर इथे आयसीयू आणि टोसिलिझुमॅब आहे का? पेशी दिल्यानंतर त्या शरीरात टिकल्या की नाही, हे तुम्ही कसं आणि किती दिवस तपासणार आहात? ज्यांच्याकडे खरा उपचार आहे, त्यांच्याकडे या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर लेखी असतं.